वहिनी दुकानात नाहीत

हाडांच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं, की गुडघा बदलावा लागेल आणि पुढचे दोन महिने कामाचं नाव काढायचं नाही. वहिनींनी विचारलं, दुकानात नुसतं बसून राहिलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, चाललं असतं, पण तुम्ही बसत नाही हे मला ठाऊक आहे, माझे कोट तुमच्याकडेच येतात.

वहिनींची ड्रायक्लीनिंगची लॉन्ड्री सव्वीस वर्षांची. जागा एका खोलीएवढी. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, आणि वर छतापर्यंत टांगलेले कपडे. एवढ्या वर्षांत हे दुकान वहिनींशिवाय एकदाच उघडलं होतं, तेही अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसात एका नवरदेवाचा सूट एका निवृत्त कॅप्टनच्या हाती गेला, आणि कॅप्टनने तो आपलाच आहे म्हणून परत द्यायचं साफ नाकारलं. तेव्हापासून वहिनींनी दुकानातून पाय काढला नव्हता.

कामाला दोघंच. काउंटरवर नणंद, जिला बावन्नाव्या वर्षीही सगळं जग बेबीच म्हणत होतं. आणि टेबलाशी इस्त्रीवाला. त्याने घातलेली घडी अशी, की गल्लीने त्याचं नावच कडक पाडलं होतं. दोघंही कामाला वाघ, पण कुठलीही गोष्ट वहिनींना विचारल्याशिवाय करायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. बेबी तर पाणी पिऊ का, हेही विचारायची, आणि वहिनी आधी हात कोरडे कर म्हणायच्या.

ऑपरेशनला पाच आठवडे होते. वहिनींनी एक जाड वही आणली आणि दुकान त्या वहीत उतरवून काढलं. दोनशे चौदा कलमं झाली. लोकरीला गरम पाणी नाही, हे पहिलं. मग डागांची कलमं, बटणांची कलमं, आणि शेवटी गिऱ्हाइकांची. पोस्टातल्या बाई पडद्यांवरून रडतील, रडू द्यावं, पण तेवढ्यात घड्याळाकडे बघू नये. कॅप्टन रस्त्यावरून गेला तर पाठ फिरवावी, फार नाही, अर्धी.

बेबीने दोन दिवसांत वही पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी अगदी मनापासून विचारलं, "वहिनी, कुठल्या वेळी कुठलं कलम लावायचं, हे कोणाला विचारायचं?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. नुसत्या लिहिण्याने भागणार नव्हतं, सराव हवा होता.

सोमवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, की आजपासून आपण दुकानात नाही. खरं म्हणजे घरी जायचं ठरवून त्या दोनदा निघालेल्याही होत्या, पण दोन्ही वेळा पाचव्या मिनिटाला परत आल्या. मग मधला मार्ग निघाला. वहिनी मागच्या स्टुलावर बसतील, पण त्या तिथे नाहीत असं धरायचं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं नाही.

"आणि तुम्ही काही बोललात तर?" बेबीने विचारलं.

"तर ऐकू येत नाही असं धरायचं."

पहिला दिवस अवघड गेला. दुपारपर्यंत बेबीने चाळीस वेळा मागे वळून पाहिलं आणि चाळीसही वेळा वहिनींनी तोंड कॅलेंडरकडे वळवलं. संध्याकाळी गाण्याच्या शाळेतल्या बाई मखमली झगा घेऊन आल्या आणि त्यांनी सवयीने विचारलं, की वहिनी नाहीत का? बेबीने नाहीत म्हणून सांगितलं. बाईंनी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं, बेबीकडे पाहिलं, पुन्हा वहिनींकडे पाहिलं. वहिनी कॅलेंडर वाचत होत्या. बाई शिष्टाचार पाळणाऱ्या होत्या. आल्या की सांगा मी आठवण काढली होती, असं म्हणून त्या पावती घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात बेबीचं वळून बघणं थांबलं. शाईचा एक डाग तिने कोणाला न विचारता काढला आणि पाणीही न विचारता प्यायली. कडक शीळ घालू लागला. वीस वर्षं हा माणूस पाठीमागे उभा होता आणि त्याला इतकी सुरेल शीळ येते हे वहिनींना माहीतच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात चहा तीनऐवजी दोनच पेले येऊ लागला. कपड्यांची गर्दी झाली तशी कडकने दोन ओव्हरकोट स्टुलामागच्या खुंटीला अडकवले, आणि तिसऱ्याला जागा उरली नाही तेव्हा तो वहिनींच्या खांद्यांवर घातला. तिथे कोणीच नव्हतं, त्यामुळे वहिनींना तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

वहिनी नाहीत ही बातमी गल्लीभर झाली आणि लोक मोकळेपणी बोलू लागले. बुधवारी चक्क कॅप्टन आला. वहिनींच्या डोक्यावरून त्याने एकवार छताकडे पाहिलं आणि पिशवीतून तो सूट काढून काउंटरवर ठेवला.

"त्या नाहीत म्हणून आलो," तो बेबीला म्हणाला. "हा मला कधीच बसला नाही, दंडात शिवणच उसवते. मागायला आल्या तेव्हा चार लोकांत ओरडल्या नसत्या, हळूच मागितला असता, तर मी तेव्हाच देऊन टाकला असता."

वहिनींनी तोंड कॅलेंडरकडे वळवलं. त्यावर कोणता महिना होता, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "आज होतीस का नव्हतीस?" नव्हते, एवढंच त्या म्हणाल्या आणि जेवून लवकर झोपल्या.

चौथ्या आठवड्यात परवान्याचा तपासनीस आला. कागदावर मालकाची सही हवी होती. बेबीने मालकीण नाहीत म्हणून सांगितलं. त्याने पेनाने मागे दाखवत विचारलं, की मग या कोण?

"कोण?" बेबी मान न वळवता म्हणाली.

आता मात्र वहिनींना राहवलं नाही. गुडघा धरत, ओव्हरकोट सावरत त्या उठल्या आणि म्हणाल्या, की मीच मालकीण, आणा तो कागद इकडे. तपासनिसाने बेबीकडे पाहिलं. बेबी पावत्या लावत होती, तिला काही ऐकूच आलं नव्हतं. कडकची शीळ चालू होती. वहिनी पुन्हा बोलल्या, जरा मोठ्याने. तरी दोघांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

तपासनीस अनुभवी होता. त्याने अर्ज उलटसुलट करून वाचला.

"मालक हजर असेल तर इथे सही. गैरहजर असेल तर जबाबदार व्यक्तीची, इथे," तो म्हणाला. "हजर आहे पण दुकानात नाही, याला रकाना नाही."

बेबीने पेन घेतलं आणि जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात सही ठोकली, कोणाला काही न विचारता. तपासनीस शिक्का मारून गेला. वहिनी पुन्हा स्टुलावर बसल्या. राग तर असा आला होता की कान तापले, आणि त्याच वेळी बेबीची ती सही किती झोकदार आहे, हे त्या मान उंचावून बघत होत्या.

शेवटच्या शनिवारी दुकान बंद करायच्या वेळी वहिनी म्हणाल्या, की सराव संपला, उद्यापासून मी खरीच नाही. बेबीने पावत्या पुढे ओढल्या, कडक टेबल पुसत राहिला. ही दोघं आता हट्टालाच पेटली आहेत असं त्यांना वाटलं. मग दिसलं, की बेबी एकाच पावतीकडे केव्हाची बघते आहे आणि तिचे डोळे भरलेत. कडकने पुढे होऊन वहिनींच्या खांद्यांवरचा ओव्हरकोट काढला, ब्रशाने त्यांचे खांदे झाडले, आणि बेबीकडे तोंड करून म्हणाला, "वहिनी इथे असत्या ना, तर मी सांगितलं असतं, की आमची काळजी सोडा, गुडघ्याची करा."

वहिनी पायरी उतरल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन महिने त्या घरी राहिल्या आणि त्या दोन महिन्यांत दुकानातून एकही फोन आला नाही. पहिले पंधरा दिवस त्या फोन बिघडलाय म्हणून नवऱ्याला तपासायला लावत होत्या. मग डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. दहाव्या आठवड्यात काठी घेऊन त्या दुकानापर्यंत गेल्या, पण आत शिरल्या नाहीत. काचेतून पाहिलं. बेबी पोस्टातल्या बाईंना रडू देत होती. टेबलावर वाफ होती. काहीतरी बिनसेल म्हणून वहिनी तिथे चांगली दहा मिनिटं उभ्या राहिल्या. काहीच बिनसलं नाही, आणि पाय तर आखडायला लागला होता, म्हणून त्या तशाच पुढे चालू लागल्या.

त्या बाजूच्या कोपऱ्यापलीकडे त्या सव्वीस वर्षांत गेल्या नव्हत्या. पलीकडे एक कालवा होता, आणि काठाशी बाक. बाकावर बेकरीवाला बसला होता, शेजारच्या गल्लीतला, कोपरापर्यंत पीठ लागलेला. वहिनींना पाहून तो ओशाळला. मुलीने दोन ते चार दुकानात पाऊल ठेवायला बंदी केली आहे, आजचा पहिलाच दिवस, असं त्याने सांगितलं, आणि विचारलं, की इथे बसून माणसाने करायचं तरी काय?

ते वहिनींनाही माहीत नव्हतं. त्या शेजारी टेकल्या आणि दोघंही पाण्याकडे बघत राहिले. पाणी बऱ्यापैकी घाण होतं. बेकरीवाला भट्टीची आच बघून येतो म्हणून उठला आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा वहिनींनी काठी त्याच्या वाटेत आडवी धरली.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून चार वाजले नाहीत."