अट क्रमांक अकरा

साहेब, हे तुम्ही केलंत. नऊ वर्षं लोखंड कातायची एक धडधाकट लेथ तुम्ही ताडपत्रीखाली कोंडून ठेवलीत आणि नऊ वर्षं पोरापोरींना तिची चित्रं काढायला लावलीत. पावसानं केलं नाही, गंजानं केलं नाही, निधी आला नाही म्हणूनही झालं नाही. तुम्ही केलंत. तुमच्या आधी त्या खुर्चीत जो होता त्यानं केलं, आणि तुम्ही येऊन ताडपत्रीची दोरी तेवढी आवळलीत. तुमचं नाव इथं लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात.

ही गोष्ट ती लेथ फाटकातून बाहेर पडायची होती त्या दिवसाची.

दुपारी तीनच्या सुमारास लालासाहेब औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात टेंपोच्या सावलीला उकिडवे बसले होते. उजव्या हाताचा पंजा त्यांनी डाव्या हातानं दाबून धरला होता. हात थरथरायचा. दिवाळीपासून सुरू झालं होतं. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण बशीत कप वाजतो तो सगळ्यांना ऐकू येतो. बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात लेथवर काढलेला, केसाएवढा फरक नुसत्या बोटानं सांगणारा हात तो. पोरीला काय शिकवायचं ते वर्ष-दीड वर्षात शिकवायचं, नाहीतर राहिलं. म्हणून घरी लेथ पाहिजे होती, आणि आत्ता पाहिजे होती.

पोरगी म्हणजे क्रांती. याच संस्थेत दोन वर्षं टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचा कोर्स करून बाहेर पडलेली. ही लेथ तेव्हाही इथंच होती, कोपऱ्यात, सात नंबरची. कंपनीचा माणूस येऊन बसवून देणार होता, तो आला नाही. बसवून दिल्याची सही झाली नाही. सही नसलेल्या मशीनला हात लावला आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? म्हणून हात लावायचा नाही. सर फळ्यावर लेथ काढायचे, पोरं वहीत काढायची. क्रांतीची चित्रं वर्गात सगळ्यांत सुबक. मग साताऱ्याच्या एमआयडीसीत तिला मुलाखतीला बोलावलं आणि खऱ्या लेथपुढं उभं केलं. हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं ते तिला कळेना. आम्ही फक्त चित्रं काढली, असं ती म्हणाली. तिथला सुपरवायझर हसला. "मॅडम, तुम्ही चित्र काढा, आम्ही फ्रेम करून लावतो." पोरगी घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही.

त्यानंतर बापलेक दोन वर्षं जुनी लेथ शोधत हिंडले. सांगलीचा भंगार बाजार, बंद पडलेली वर्कशॉपं, लोणंदला कुणीतरी धंदा मोडतोय म्हणून लोणंद. मसूरजवळच्या त्यांच्या गावातनं एसटी धरायची, वाकून वाकून मशिनी बघायच्या, रिकाम्या हातानं यायचं. लालासाहेबांचा नियम एकच.

"नवा रंग दिसला की माघारी फिरायचं. रंग लावलेली जुनी मशीन म्हंजी कलप लावून पोरगी बघाय आलेला म्हातारा. आत कायबी ऱ्हायलेलं नसतंय."

क्रांतीला त्यांनी नखाची परीक्षा शिकवली. लेथचा बेड, म्हणजे ज्याच्यावर हत्याराचा गाडा सरकतो तो बिडाचा, ओतीव लोखंडाचा लांब पाट. त्याच्यावरनं नख ओढत न्यायचं. जिथं रोज काम चालतं तिथं बेड झिजतो आणि नख अडकतं. अडकलं की समजायचं, हिचं आयुष्य कुणीतरी खाऊन टाकलंय. दोन वर्षांत बघितलेल्या सगळ्या बेडांवर नख अडकलं.

मग क्रांतीच्या मोबाईलवर मैत्रिणीनं संस्थेच्या लिलावाच्या नोटिशीचा फोटो पाठवला. अनुक्रमांक चार : लेथ मशीन क्रमांक ७, वापरास अयोग्य, निर्लेखित. निर्लेखित म्हणजे कागदावर मेलेली. क्रांती फोटो बघतच राहिली.

पाहणीच्या दिवशी लालासाहेबांनी ताडपत्री उचलली, वीतभर गंज रॉकेलनं पुसला आणि नख ओढलं. नख कुठंच थांबलं नाही. कारखान्यात हातानं खरडलेल्या चंद्रकोरीसारख्या खुणा बेडावर जशाच्या तशा होत्या. वर गंजाची नुसती साय. त्यांनी ताडपत्री पटकन खाली सोडली आणि तोंड पाडून म्हणाले, "खराब हाय. लय खराब." लिलावात ती लेथ त्यांना भंगाराच्या भावानं सुटली.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढची चूक लालासाहेबांची, आणि ती चूक फौजेतल्या कारागिरालाच जमेल.

गेटपासवर सही व्हायची होती. साहेब जेवायला गेले होते. लालासाहेबांना नुसतं बसवेना. ताब्यात घेतलेली वस्तू पुसल्याशिवाय हलवायची नाही, ही बावीस वर्षांची सवय. ते उठले. रॉकेल, चिंध्या, तेलाची बुधली घेऊन त्यांनी लेथला अक्षरशः अंघोळ घातली. क्रांती म्हणाली, "आबा, घरी जाऊन करू की."

"घाण मशीन टेंपोत घालू व्हय? लाज न्हाई का?"

पुसून झालं. काम धरणारा पुढचा चक हातानं फिरवला, तर तो हात सोडल्यावरही फिरत राहिला. मग माणसाला राहवतं का? शेडमध्ये बोर्ड होता, वायर होती. लालासाहेबांनी बटण दाबलं.

नऊ वर्षांनी, नव्हे, जन्मात पहिल्यांदा त्या शेडमध्ये ती लेथ बोलली. खडखड नाही, कुरकुर नाही, नुसता एकसुरी घुमार. लालासाहेबांचे डोळे भरले. क्रांतीनं आपसूक हँडलला हात घातला, आणि या खेपेला तिला बाजू बरोबर कळली.

आणि तो घुमार ऐकून दारात साहेब येऊन उभे राहिले.

"ही चालू कुणी केली?"

लालासाहेब ताठ उभे राहिले. "मी, सर. एकदम फस्क्लास हाय. कायबी बिघाड न्हाई."

साहेबांचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. ते ऑफिसात गेले आणि फाईल घेऊन आले. "अट क्रमांक अकरा वाचली का? निर्लेखित यंत्र आवाराबाहेर नेण्यापूर्वी कायमचे निकामी करण्यात यावे. बेडचे दोन तुकडे करायचे. मग गेटपास."

लालासाहेबांना आधी कळलंच नाही. "सर, इकत घेतलीय मी."

"भंगार म्हणून घेतलीय. मग भंगारच न्या."

शेजारी नानासो आपला माल भरत होता. सांगलीचा भंगारवाला, लेथ न्यायचा टेंपोही त्याचाच. त्यानं लालासाहेबांना दंडाला धरून बाजूला ओढलं. "आवं तात्या, काय केलंसा ह्ये! ती अट धा वर्सं झाली समद्या लिलावात लिवलेली असती. मशीन कोन मोडतंय? गंजलेलं दिसलं की सही करत्यात. तुमी मढ्याला अंघोळ घातली आनि मढं उठून बसलं! आता त्या मानसाला भ्या वाटनार न्हाई व्हय? चालती मशीन भंगारात काढली म्हनून त्येचीच चौकशी लागंल."

"मग काय करू?"

"काय करताय? पाच वाजस्तवर थांबा, पाया पडा. न्हाई ऐकलं तर तुकडं घेऊन जावा."

लालासाहेबांनी पाया पडायचंही केलं. हात जोडून, मान खाली घालून. थरथरणारा हात दुसऱ्या हातात अडकवून ठेवला होता, तो सुटला आणि साहेबांना दिसला. साहेबांनी नजर फिरवली. "माझ्या हातात काही नाही. नियम आहे."

आता मागं काय उरलं? घरी गोठ्यातली गव्हाण काढून, जमीन ठोकून लेथसाठी पाया भरून ठेवला होता. त्यात बोल्टांची भोकं सोडली होती, याच लेथच्या मापाची. बायको शालूबाई रोज त्या पायावर पाणी मारत होती. मोडलेला बेड घेऊन तिच्यापुढं कसं उभं राहायचं, हेच लालासाहेबांच्या डोक्यात फिरत होतं. आणि पोरगी? आणखी दोन वर्षं हिंडायचं, तोवर हा हात राहील का?

साडेचारला बिराप्पा घण घेऊन आला. जतकडचा गडी, नानासोच्या मालाची फोडाफोडी तोच करायचा. त्यानं लेथभोवती एक चक्कर मारली, बेडावर हात फिरवला आणि चुकचुकला.

"बीड हाय. गॅसनं कापत न्हाई ह्ये. घनानंच फोडाय लागतंय." मग नानासोकडं बघून म्हणाला, "चांगली हाय रं ही. कशाला फोडायची?"

"सायबांस्नी इचार."

"सायब, कुटं मारू?"

साहेबांनी लांबूनच बेडच्या मधोमध बोट दाखवलं. बिराप्पानं घण उचलला नाही. हातावर थुंकला, घण चाचपला, परत हातावर थुंकला. त्याला वेळ काढायचा होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तेवढ्यात क्रांती टेंपोकडं गेली आणि आपली प्लास्टिकची फाईल घेऊन आली. मुलाखतीला न्यायची तीच.

"साहेब, एक विचारू?"

"आता काय?"

"हे माझं प्रात्यक्षिकाचं रेकॉर्ड. तीन वर्षांपूर्वीचं. लेथ मशीन क्रमांक सात, तास चारशे, गुण पन्नासपैकी सेहेचाळीस. खाली शिक्का संस्थेचा. आणि तुमच्या हातात निर्लेखनाचा कागद. त्यात काय लिहिलंय?"

साहेबांनी फाईलकडं बघितलं. तिनंच फाईलवर वाकून वाचलं. "लेथ मशीन क्रमांक सात, प्राप्त झाल्यापासून नादुरुस्त, कधीही वापरात नाही. खाली शिक्का संस्थेचा."

 नानासोनं हातातली सळी हळूच खाली ठेवली.

"कधीच वापरली नाही, तर मी चारशे तास कशावर काम केलं? आणि मी केलं असंल, तर मशीन चालत होती. मग ती मोडायची कशाला?"

लालासाहेब तिच्याजवळ सरकले. पोरगी काय करतेय हे त्यांना सगळ्यांच्या आधी समजलं. ती स्वतःचंच सर्टिफिकेट घणाखाली ठेवत होती. "क्रांते," ते दबक्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हा. कागूद जाईल तुजा."

साहेबांनी तोच धागा धरला. आवाज मऊ केला. "बाळ, वडील बरोबर सांगतायत. तू काय बोलतेस ते कळतंय का तुला? तुझ्या मार्कांची चौकशी लागली तर सर्टिफिकेट रद्द होईल. तुझंच नाही, तुझ्या सगळ्या बॅचचं."

"होऊ द्या. लेथ न येणाऱ्या टर्नरचा कागद चुलीत घालू का मी? माझ्या बॅचमधला एकजण तरी लेथवर आहे का विचारा. एक पेट्रोल पंपावर आहे, एक रसवंती चालवतो, बाकीचे मुलाखती देतात आणि लोकांची हसणी ऐकतात. तुम्ही आम्हाला सेहेचाळीस मार्क दिलेत साहेब, हात दिला नाहीत."

"हे बघा, पाचला गेट बंद होतं. बिराप्पा, उरकून टाक."

बिराप्पानं घण खांद्यावर घेतला आणि लालासाहेबांकडं बघितलं.

लालासाहेबांनी बावीस वर्षांत साहेब माणसाला एक प्रश्न विचारलेला नव्हता. हुकूम आला की 'जी सर', आणि टाच जुळवायची. आताही पायांनी आपोआप टाच जुळवली.  ते दोन पावलं पुढं आले आणि जिथं साहेबांनी बोट दाखवलं होतं, बेडच्या बरोबर मधोमध, तिथं त्यांनी आपला उजवा हात पालथा ठेवला. हात थरथरत होता. तेल लावलेल्या लोखंडावर बोटं बारीक वाजत होती. त्यांनी तो लपवला नाही.

"मार बिराप्पा," ते म्हणाले. "पन आदी सायबांस्नी लिवून देऊ दे."

बिराप्पानं घण खाली टेकवला आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला.

"काय लिहून देऊ?" साहेब ओरडले. "तुम्ही मला धमकी देताय?"

"न्हाई सर. मी हवालदार मानूस, धमकी कुटली देतोय." लालासाहेबांचा आवाजही आता हातासारखाच कापत होता, पण थांबत नव्हता. "दोन कागूद हाईत. दोनीवर शिक्का हितलाच. मशीन कवाच चालली न्हाई म्हनून एक सांगतोय. पोरगी तिच्यावर चारशे तास शिकली म्हनून दुसरा सांगतोय. आनि मशीन तर तुमच्या म्होरं चालली. पोरीनं इचारलंय. ह्यातला खरा कुटला, सर? गेट बंद करायच्या आदी एवडं सांगा. खरा कुटला?"