खालची क्लिप

रेडिएटरच्या नळीवरच्या क्लिपचा पेच अर्धा फिरून अडला आणि तिच्या खाचेत साचलेली पांढरी भुकटी भीमराजच्या मनगटावर सांडली. बोरवेलच्या पाण्यातल्या क्षाराची भुकटी. जुना रेडिएटर अंगणातल्या फरशीवर उताणा पडला होता. त्याच्या तोंडातून आत पाहिलं तर बंबाच्या तळाला बसतो तसा थर. ‘बोरचं पाणी कोणी टाकलं, वैनी?’ असं प्रज्ञेशनं नाक्यावर विचारलं म्हणे. टाकलं मीच... इथं सगळेच टाकतात, पिण्यापुरता फिल्टरचा जार आणि कूलरला, म्हशीला, गाडीला बोर — पण हे माझ्या बायकोला विचारायचं त्याला काय कारण होतं?

गेल्या सोमवारी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून येताना कनेरगाव नाक्याजवळ गाडी तापली, बोनेटमधून वाफ निघाली, आणि पल्लवीनं फोन लावला तो प्रज्ञेशला. भीमराजच्या मावसभावाला. नवऱ्याला नंतर, सगळं निस्तरल्यावर, हसत हसत.

“भाऊजी तिथंच बँकेत असतेत ना. तुमी हिंगोलीहून येईस्तोवर मी उन्हात उभी राहू का?”

बरोबर होतं. कोणीही हेच म्हटलं असतं. भीमराजनंही मान डोलावली होती, आणि तेव्हापासून हे बरोबर उत्तर त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. ‘ओळखीचा मिस्त्री हाय, पाठवतो,’ असं प्रज्ञेश फोनवर म्हणाला, तेव्हाच भीमराजनं ठरवलं — मिस्त्री नको, कोणी नको, नवा रेडिएटर मीच बसवतो. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस रविवारी सकाळपासून विटेला मोबाइल टेकवून, व्हिडिओ थांबवत, मागे नेत, पुन्हा पाहत, कुलंटनं माखलेल्या हातांनी गाडीच्या पोटात शिरला होता.

वरची नळी सहज बसली. खालचीला हात पुरत नव्हता. क्लिपा जुन्याच वापरल्या... धुऊन घेतल्या म्हणजे झालं.

“फडकं दे गं,” तो म्हणाला. आणि दोरीवर बोट दाखवून, “तो स्कार्फ दे.”

दोरीवर तिचा ड्यूटीचा पांढरा स्कार्फ वाळत होता, मधोमध गंजाचा तांबूस डाग. नाक्यावर प्रज्ञेशनं तोच गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. हे तिनंच सांगितलं होतं, अगदी त्याच्या आवाजात — ‘आधी गार होऊ द्या, वैनी. घाई करू नका.’ त्याचा हेल तिच्या जिभेवर इतका नेमका कसा बसला?

“तो काहून? दुसरं देते ना,” पल्लवी म्हणाली आणि आतून त्याचाच जुना बनियन घेऊन आली.

दोनदा धुऊनही न निघालेला डाग, तरी तो स्कार्फ फडक्यात जात नाही. भीमराजनं बनियननं हात पुसले. तिला गाडी आधी मीच शिकवत होतो... मैदानात तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ओरडलो, तर ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. मग प्रज्ञेशनं शिकवली. तो ओरडत नाही. ज्याच्या गाडीचा हप्ता नाही, ज्याच्या संसारात बाई नाही, त्याला न ओरडायला काय जातं? जळत होता भीमराज, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

रेडिएटरमध्ये हिरवं कुलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे निघाले, पंखा फिरला आणि थांबला. गाडी तापली नाही. त्याला क्षणभर इतका आनंद झाला की हाक मारून तिला दाखवावंसं वाटलं. झाकण लावून तो वाकला आणि टॉर्च खाली नेला. खालच्या क्लिपखाली एक हिरवा थेंब जमला होता. फुगला, सुटला. मागून दुसरा.

पेचाला आणखी अर्धा आटा. एवढंच पुरे होतं. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता.

मागे दार वाजलं. पल्लवी पर्स घेऊन आली होती. आज तिची दुपारची पाळी.

“झालं का बराबर? नेऊ ना?”

“झालं,” तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तो अजून वाकलेलाच होता. या थेंबानं घरापाशी काही होणार नाही... नाक्यापर्यंत जाईल. मग तापमानाचा काटा चढेल, ती गाडी कडेला घेईल, आणि पर्समधून फोन काढेल. रविवारी बँक बंद असली तरी प्रज्ञेश राहतो कनेरगावातच, आणि मी इथं हिंगोलीत, हे तिला ठाऊक. तरी एकदा, फक्त एकदा, तिनं पहिला फोन मला लावावा. उन्हात उभं राहावं माझ्यासाठी.

तिनं सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. हेही प्रज्ञेशनंच शिकवलेलं, असं एरवी भीमराजच्या मनात आलं असतं. पण सोमवारपासून पहिल्यांदाच प्रज्ञेशचा चेहरा डोळ्यांपुढे येईना. दिसत होती ती स्वतःचीच बोटं, स्क्रू ड्रायव्हरभोवती आवळलेली, न हलणारी, आणि त्या बोटांची त्याला भीती वाटली.

“अहो, बोनेट लावा ना,” आतून पल्लवी म्हणाली. “तुमी बसवलंय म्हणल्यावर मला काळजी न्हाई.”

थेंब पुन्हा फुगत होता.