पांढऱ्यावर पाच, काळ्यावर पाच

कुपी उजेडात धरून तिने हलकेच उलटी केली. आधी पांढऱ्या फळ्यासमोर पाच आकडे, मग काळ्या फळ्यासमोर पाच. काळा कण पांढऱ्यावर उघडा पडतो, काचेची कपची काळ्यावर. इंजेक्शनच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ती हे आकडे मनाशी मोजत आली होती. तिच्या नजरेतून कुसळही सुटत नसे, म्हणून सगळे तिला घार म्हणत.

पन्नाशी उंबरठ्यावर आली आणि झोप परक्या पाहुणीसारखी वागू लागली. यायला उशीर, निघायला घाई. अंगातून वाफा उठत. उशी भिजे, उलटवली की दुसरी बाजूही भिजे. रक्तदाब चढला, ओळखीची नावं जिभेवर येऊन विरू लागली. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली होती. "वयाचं आहे, जाईल हळूहळू." नवऱ्याने तेवढ्यात आपलं अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलं.

जेवणाची घंटा झाली. तपासून झालेले ट्रे शेजारी रचलेले होते, प्रत्येकावर तिच्या क्रमांकाची चिठ्ठी. उठता उठता ती थबकली. ती डावखुरी, चिठ्ठी नेहमी डाव्या कोपऱ्यात लावायची. वरच्या तीन ट्रेंवर चिठ्ठ्या उजव्या कोपऱ्यात होत्या.

"हे तू लावलंस?"

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हातमोजे काढता काढता हसली.

"मग काय करू, ताई? तुमचा डोळा लागतो ना."

"माझा? इथे?"

"उघड्या डोळ्यांनी. कुपी हातात आणि बाई गेल्या गावाला! चांगली पाच-पाच मिनिटं. ट्रे कमी भरले तर मोठ्या बाई तुम्हाला पॅकिंगला बसवतील. म्हणून आपलं..."

घारीने मैत्रिणीचं मनगट धरलं.

"माझ्या वाटणीचे ट्रे तू तपासतेस? कधीपासून?"

"तुमची ती गोळी सुरू झाली ना, तेव्हापासून. तीन महिने झाले." हातमोजा बोटांवर अर्धाच निघाला होता. "पण तपासायला मला कुठला वेळ, ताई? माझेच होता होत नाहीत. मी नुसती चिठ्ठी लावते."

खिडकीपलीकडे ट्रकमध्ये खोकी चढत होती. आज चढत होती, काल चढली होती. कुठेतरी कुणीतरी बाही वर सरकवून, तोंड फिरवून, सुई टोचायची वाट पाहत असेल.

घार पुन्हा खाली बसली. तिन्ही चिठ्ठ्या नखाने सोलून काढल्या आणि एकेक करून डाव्या कोपऱ्यात चिकटवल्या. कडा अंगठ्याने नीट दाबल्या. मग हात टेबलाखालच्या, पट्टा थांबवायच्या लाल बटणाकडे गेला. कुपीत काही सापडलं तरच ते दाबायचं, असा नियम होता.

"ताई, वेड लागलंय का? नोकरी जाईल!"

"तू जेवायला जा."

पट्टा घरघरत थांबला. मोठ्या बाई लगबगीने आल्या. बटण दाबल्यावर त्या नेहमी एकच प्रश्न विचारत.

"काय दिसलं, घार?"

तिने वरच्या ट्रेमधली एक कुपी उचलून काळ्या फळ्यासमोर उभी ठेवली.

"काहीच दिसलं नाही, बाई. तीन महिने."