पकडमापकाचा सूड

मित्रांनो, मी तुम्हाला दुकानात मांडलेला कधी दिसलो नसेन. मी पकडमापक आहे. वयाने जुना आणि स्वभावाने डूख धरणारा. रबराचा एक फुगा, त्यातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला काचेची तबकडी, एवढाच माझा देह. फुगा मुठीत दाबला की काटा चढतो आणि हाताचा जोर कळतो. कारखान्यातल्या तपासनिसाने मला प्रमाणित दाबमापकाशी ताडून पाहिले आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." मी कधीच खोटे बोललो नाही. माझ्या खरेपणाचा खोटा अर्थ लावला तो दुसऱ्यांनी.

माझी नेमणूक संधिवाताच्या दवाखान्यात झाली. मोठे डॉक्टर काटा पाहत, "छान, पुढचे" म्हणत. झोप लागते का, सदऱ्याचे बटण लागते का, नळ फिरतो का, हे त्यांनी कधी विचारले नाही. रुग्णही असे भोळे, की मला परीक्षा समजत. वेदनाशामक गोळी घेऊनच घरातून निघत, दातओठ खाऊन मला दाबत आणि पास झाल्यासारखे हसत. नंतर दोन-दोन दिवस हात उशीवर ठेवून बसावे लागे, ते माझ्या तबकडीवर कसे उमटणार?

पुस्तकांची बांधणी करणारी एक बाई थोरल्या जावेबरोबर येत असे. एकदा तिने काटा बराच चढवला.

"इंजेक्शनं आता बंद करू," डॉक्टर म्हणाले. "हात ठणठणीत आहे."

"ऐकलंस?" जाऊ म्हणाली. "म्हणजे भांडी दिसली की तेवढं दुखतं होय गं तुझं?"

"जाऊबाई, सकाळी कंगवासुद्धा धरवत नाही मला."

"काटा काही माझ्या माहेरचा नाही, माझी बाजू घ्यायला."

माझाच आकडा काठीसारखा तिच्या पाठीत बसला. त्या दिवशी मी दोघांचेही चेहरे लक्षात ठेवले. पण दाबणारा हात असल्याशिवाय मला सूडही घेता येत नाही. तो हात तिनेच दिला.

इंजेक्शने थांबवण्यापूर्वी, त्यांचा खर्च देणाऱ्या औषधनिधीच्या अधिकारी बाई स्वतः पाहायला आल्या. डॉक्टरांनी मला ऐटीत टेबलावर मांडले.

"आज गोळी घेतली नाही मी," बांधणीवाली जावेच्या कानात म्हणाली.

"अगं, मग दाबशील कशी?"

"दाबीन हो. मूठ सुटायचं काय ते डॉक्टर बघतील."

तिने होता नव्हता तेवढा जोर लावला. मी कणभरही हातचे राखले नाही. काटा निरोगी हाताच्या खुणेपार गेला.

"पाहिलंत?" डॉक्टर अधिकारी बाईंना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "झालं, सोडा आता."

मूठ सुटेना. सुजलेली बोटे माझ्याभोवती आखडली ती आखडलीच.

"उघडा ना, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "ठणठणीत हात आहे. तुम्हीच उघडा."

डॉक्टर गुडघ्यांवर बसून एकेक बोट उलगडू लागले. बोट सुटताना कट्‌ आवाज होई आणि तिचा श्वास अडके. तिच्या प्रत्येक कळेचे मला वाईट वाटले; डॉक्टरांच्या कपाळावरच्या घामाचे मात्र मुळीच नाही.

अधिकारी बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "उठल्यापासून काय काय जमत नाही, ते सांगा."

ती सांगू लागली: कुशीवर वळणे, सुईत दोरा ओवणे, लेकीची वेणी घालणे. डॉक्टरांना ते सगळे उभ्याने ऐकावे लागले.

"वेणीचं कधी बोलली नाहीस," जाऊ पुटपुटली.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

इंजेक्शने चालू राहिली. डॉक्टर आता आधी माणसाला विचारतात, मग मला हात लावतात. तेही आदराने नव्हे, धसक्याने. मला तो धसका गोड लागतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही; रबर नवे मिळते. पण दुखणाऱ्या माणसाला माझा आकडा दाखवून खोटे ठरवू नका. ठरवलेत, तर कधीतरी तुमचीही बोटे आखडतील. त्या दिवशी मी माझा आकडा चोख सांगेन, आणि तुम्हाला कोणी काहीही विचारणार नाही.