समोरून येणारं विमान

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. विमानांच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात एक जोडगोळी अशी होती, की त्यातला हरी कोण आणि गाढव कोण हे उजेडावर ठरायचं. ऊन असेपर्यंत मैदानावर सूत्र्या अडलेला असायचा. दिवे लागले की वाचनालयात घार अडायची.

सूत्र्या म्हणजे वर्गातला तो मुलगा, ज्याला चहात साखर किती असं विचारलं तर तो आधी कप केवढा ते विचारायचा. घार म्हणजे ती मुलगी, जी बोलता बोलता समोरच्याच्या डोक्यावरून आभाळाकडे बघायची. तिच्या मामाचं दुकान होतं. रिमोटवर उडणारी छोटी विमानं तो विकायचा, त्याहून जास्त दुरुस्त करायचा, आणि घार तिथे फोमचे पंख चिकटवतच मोठी झाली होती. विमान तिच्या बोटांना कळायचं. गणिताशी मात्र तिचं जन्माचं वाकडं. दुसऱ्या वर्षाचं गणित अजून राहिलं होतं, दोनदा पेपर देऊनही. या खेपेला सुटलं नाही तर पदवी नाही.

सूत्र्याचं नेमकं उलटं. त्याने वर्षभर खपून पिवळ्या पंखांचं एक देखणं विमान बांधलं होतं, कागदावर सगळं चोख. पण विभागाचा नियम असा, की ज्याने बांधलं त्यानेच ते बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर उडवायचं, मैदानाला फेरी मारून धावपट्टीवर उतरवायचं. पाडलं तर प्रकल्प नापास, वर्ष वाया. आणि हा गडी असा, की सायकल चालवतानाही हँडल त्याच्याशी भांडायचं.

तेव्हा सौदा ठरला. तिने त्याला उडवायला शिकवायचं, त्याने तिला गणित. मामाला हे कळल्यावर तो सोल्डरिंग करता करता म्हणाला, "म्हणजे सख्खा मामा मी, आणि कामापुरता मामा तो."

"दोघांचंही काम आहे," घार फणकारली.

"मग तर दोघंही कामापुरते," मामा म्हणाला आणि त्याने तिला सरावासाठी एक जुनं, ठिगळं लावलेलं विमान काढून दिलं.

सूत्र्या शिकवायचा मात्र जीव ओतून. एखादं गणित तिच्या डोक्यात शिरलं नाही, की दोष तिचा नाही, आपल्या सांगण्याचा, असं त्याला प्रामाणिकपणे वाटायचं. मग तो कागद उलटायचा आणि पहिल्यापासून वेगळ्या वाटेने निघायचा. "उत्तराची घाई करू नकोस. आलं की उलटं टाकून ताळा करून बघ. ताळा जमला तर कुणाच्या बापाला घाबरायचं नाही." हळूहळू घारीला ती चिन्हं ओळखीची वाटायला लागली. दार उघडत नव्हतं, पण निदान कडी कुठे आहे ते दिसत होतं.

घारही चांगलं शिकवत होती. विमान हातातून सोडणं, वर चढवणं, पंख सपाट ठेवून दूर नेणं. मैदानाच्या टोकाशी विमान पोचलं, की ती "दे इकडे" म्हणून रिमोट घ्यायची, वळवून परत आणायची आणि उतरवायची. सुरुवातीला यात काही काळंबेरं नव्हतं. विमान परत आणणं हा नवशिक्याचा कर्दनकाळ असतो. दूर जाताना तुमचं डावं तेच विमानाचं डावं. ते तोंड फिरवून तुमच्याकडे निघालं, की सगळं उलटं होतं. पंख झुकला म्हणून घाबरून रिमोटवरची दांडी नेहमीसारखी ढकलली, तर तो आणखी झुकतो. मामाचा यावर एक मंत्र होता: जो पंख झुकलेला दिसेल त्याच्याखाली टेकू द्यायचा, म्हणजे दांडी त्याच बाजूला न्यायची. मंत्र सोपा, पण बोटांना त्याची सवय लागायला बरेच दिवस जातात. म्हणून मामा शिकायला येणाऱ्याला आधी हेच शिकवायचा.

एका संध्याकाळी सूत्र्याने इतकं सफाईने विमान चढवलं, की तो स्वतःच खूश झाला. रिमोट तिच्याकडे देत म्हणाला, "आता परत आणायला शिकलो की झालं. सुटलीस बाई माझ्या कटकटीतून!"

विमान वळवता वळवता घार हिशेब करायला लागली. याचं शिकून झालं, तर उद्यापासून हा वाचनालयात येईल कशाला? पेपर तोंडावर आणि अर्धं पुस्तक अजून बाकी. त्याचं उड्डाण तर पेपरनंतर आहे, तिने स्वतःला समजावलं, परत आणणं तेव्हा शिकवू, भरपूर वेळ आहे. हा विचार आला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी वळणावर तिने पुन्हा रिमोट घेतला. त्यानंतर रोज घेतला. त्याने कधी विचारलं तर म्हणायची, "बॅटरी उतरलीय, उगाच पाडशील."

पेपरच्या आदल्या दुपारी सूत्र्या धापा टाकत आला. परीक्षकांना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून उड्डाण उद्यावरच आणलं होतं. घार परीक्षेच्या वर्गात असेल तेव्हाच.

"चल, आत्ता मैदानावर जाऊ," तो म्हणाला. "परत आणायचं एकदा दाखव. मग रात्रीपर्यंत तुझं गणित."

घारीने समोरच्या कागदांकडे बघितलं. शेवटचा धडा तसाच पडला होता, आणि हमखास विचारतात तोच. मैदानावर गेलं तर संध्याकाळ गेली. तेवढ्या वेळात त्याच्या बोटांना सवय लागणारही नव्हती, आणि उलटं होतं हे आज सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलंस, असं तो विचारणार होता.

"त्यात दाखवायचंय काय?" ती म्हणाली. "जाताना जसं, तसंच येताना. जमेल तुला."

"नक्की?"

"अरे, मी सांगतेय ना!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने मान हलवली, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसून शेवटचा धडा शिकवला. उद्या स्वतःचं वर्ष पणाला लागलंय, हे त्याच्या आवाजातसुद्धा नव्हतं.

घरी जेवताना मामाने विचारलं, "समोरून येणारं जमतं ना त्याला?"

"हो," ती म्हणाली आणि खाली बघून भात कालवायला लागली. जेवण झाल्यावर तिने फोनवर टेकूचा मंत्र लिहिला. पण असं आयत्या वेळी एक वाक्य पाठवलं तर तो आणखी गोंधळेल, असं तिने ठरवलं आणि ते पुसून टाकलं. आपण त्याच्यासाठी पुसतोय की आपल्यासाठी, हे तिला चांगलं माहीत होतं.

परीक्षेचा वर्ग मैदानाच्या बाजूलाच होता. शेवटचं गणित कालचंच निघालं, फक्त आकडे वेगळे. घार ते सोडवायला लागली आणि बाहेर मोटरचा आवाज सुरू झाला. आवाज चढला, एकसारखा झाला, मग दूर जाऊन बारीक होत गेला. छान नेलंय, असं तिच्या मनात आलं. मग आवाज वळला आणि मोठा व्हायला लागला.

तिचा पेन थांबला. टेकू दे, टेकू दे, ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, जसं काही त्याला ऐकू जाणार होतं. मोटर एकदम किंचाळली आणि बंद पडली. पर्यवेक्षक बाई खिडकीशी गेल्या आणि "अरेरे" म्हणून परत आल्या.

घार उठली नाही. तिने उत्तर लिहिलं, उलटं टाकून ताळा केला. ताळा जमला. आयुष्यात पहिल्यांदा गणित बरोबर आल्याची तिला खात्री होती, आणि तिला रडू येत होतं.

घंटा झाल्यावर ती पळत मैदानावर गेली. परीक्षक निघून गेले होते. सूत्र्या गवतात उकिडवा बसून पिवळे तुकडे खोक्यात भरत होता. डोळे लाल झाले होते.

"शेवटचं कालचंच आलं का?" त्याने विचारलं.

"हो."

"सुटलं?"

"सुटलं."

त्याला खरोखरच बरं वाटलं, आणि ते तिला बघवेना.

"माझं गेलं," तो म्हणाला. "पंख झुकला, तो सरळ करायला गेलो तर पार उलटं झालं. घार, एक विचारू? सकाळी मी हे मांडून बघितलं होतं. विमान तोंड फिरवून आलं, की माझं डावं ते त्याचं उजवं. म्हणजे दांडीचं चिन्ह बदललं पाहिजे. ताळासुद्धा जमला. मग म्हटलं, घार सांगते तसंच असतं. उडवणारी ती आहे, मी कोण? म्हणून ते सोडून दिलं. माझं मांडताना कुठे चुकलं, तेवढं सांग ना."

"तुझं बरोबर होतं," घार म्हणाली. "उलटंच होतं ते. मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

त्याने खोक्यातून मान वर केली.

"का?"

"तुझं शिकून झालं असतं, तर तू आला नसतास. मला शिकवायला."

तो चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"आलो असतो की," तो म्हणाला.

"मी परीक्षकांना सांगते. सरांना सांगते."

"काय सांगशील? उडवत तर मीच होतो."

गवतात शेपटीचा तुकडा पडला होता. तिने तो उचलून पुढे केला. त्याने तो घेतला, खोक्यात नीट ठेवला, "थँक्यू" म्हणाला आणि खोका उचलून एकटाच चालू लागला.