आवाज जातोय कुठे

रिमोटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि त्या प्लॅस्टिकखाली कर्ण्याचं इवलंसं चित्र, त्यावर तिरकी रेघ – महिपतने ते बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पडद्यावरही तसाच कर्णा आला आणि गेला. आवाज मात्र नाही. दोन माणसं हातवारे करून भांडत होती, तिसरा पोट धरून हसत होता, आणि सगळं कसं मुकाट... अख्ख्या घरात बोलायला होता तो एक टीव्ही, तोही आज रुसला म्हणायचा.

वाऱ्यामुळे होड्या गेल्याच नव्हत्या. मिरकरवाड्याच्या बंदरावरून तो मासळीची पिशवी रिकामीच घेऊन तासभर आधीच परतला, तेव्हा सुनंदा टीव्हीसमोर वाल सोलत बसली होती. त्याला दारात बघून दचकली आणि ताट उचलून आत गेली. त्याने हाताने कप तोंडाला लावल्याची खूण केली, तिने मान हलवली. आठ वर्षं झाली बायकोला ऐकू येईनासं होऊन. कानातलं पहिलं यंत्र शिट्ट्या मारायचं, ते तिने डबीत टाकलं ते टाकलंच. तेव्हापासून या घरात खुणांवर संसार.

त्याने रिमोटचे सेल काढून लुंगीला पुसले, परत बसवले. वायर हलवून पाहिली. टीव्ही बंद करून मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि चालू केला. मग आवाज वाढवत नेला – वीस, चाळीस, साठ – आणि आत स्वयंपाकघरात भांडं पडलं, चांगलं खणखणून. वय झालं, हातातून वस्तू सुटतात, असं म्हणत त्याने आकडा वीसवर आणून ठेवला. थोड्या वेळाने आतून ती हसलेली ऐकू आली. एकटीच. तेव्हा पडद्यावरचा तिसरा माणूस पाण्यात पडला होता, पण महिपतचं लक्ष रिमोटमध्ये.

शेवटी त्याने ठाण्याला लेकीला फोन लावला. आम्रपाली ऑफिसात होती, तरी न कंटाळता एकेक सांगत गेली. घराच्या चित्राचं बटण, मग सेटिंग, मग साउंड, खाली या बाबा, अजून खाली. साउंड आउटपुट असं लिहिलं होतं. त्याच्यासमोर टीव्ही स्पीकर असायला हवं होतं म्हणे. तिथे दोनच अक्षरं होती – आई.

"आई लिहिलंय," तो म्हणाला. "कसली आई?"

पलीकडे आम्रपालीने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, "आईने तुम्हाला सांगितलं नाही अजून?"

दिवाळीच्या सुट्टीत आली होती तेव्हा तिनेच आईला नवीन यंत्र घेऊन दिलं होतं, केसांखाली दिसतही नाही असं. त्याला तिने आईचंच नाव दिलं आणि टीव्हीलाही जोडून दिलं. महिपत सकाळी बंदरावर गेला की सुनंदा टीव्हीची ती जोडणी चालू करते, तो यायच्या आत बंद करते; यंत्र मात्र कानातच असतं. आज तेवढं राहिलं असेल.

"म्हणजे दिवाळीपासून तिला ऐकू येतं?" तो जवळजवळ ओरडलाच.

"सगळं येतं, बाबा. मी म्हटलं सांगून टाक. तर म्हणाली, ते बोलतात हल्ली घरात, तेवढं ऐकू दे मला."

फोन ठेवल्याचं त्याला कळलं नाही. ते बोलतात हल्ली... खरंच होतं ते. उभा जन्म तो बायकोशी चार शब्द धड बोलला नव्हता. जेवायला वाढ, छत्री कुठाय, एवढंच. आणि तिचे कान गेल्यावर त्याला तोंड फुटलं. ती भाजी चिरायची, तो खुर्चीत बसून बोलायचा – गुडघ्याचं, मरायच्या भीतीचं, रात्री छातीत धडधडतं त्याचं. भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, ही निदान बांगड्या तरी वाजवते, असा विनोदही केला होता त्याने. तोही तिने ऐकला. आणि शिवाचं...

छे. शिवाचं कधी बोललो? दिवाळीआधी बोललो असेन. पण नाही, शिवा गेला तो गेल्या महिन्यात. स्मशानातून येऊन आंघोळ करून महिपत याच खुर्चीत बसला होता, ती समोर तांदूळ निवडत होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं होतं – निरोप मिळाला होता मला. शिवाने दिला होता.

सत्त्याऐंशी साल. दिशा, थोरली, दीड वर्षाची. पोरीला ताप चढलाय, डोळे फिरवतेय, ताबडतोब या, असा निरोप सुनंदाने शिवाकडे दिला होता. बर्फाच्या कारखान्यात शिवा बर्फ फोडायचा आणि महिपत ऑफिसात लिहायला होता. मॅनेजरच्या खोलीत टीव्ही, त्यावर मॅच, वीस माणसं दाटीवाटीने बसलेली. शिवा दारातून वाकून कानाशी सांगून गेला. महिपत म्हणाला, आलोच. आणखी दोन ओव्हर, आणखी दोन... मॅच संपवूनच उठला. पहाटे पोर गेली. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले, आणि सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, मला निरोपच मिळाला नाही.

तेवढं एकच वाक्य. पुढे शिवा दारात आला की सुनंदा दार लावून घ्यायची. त्याच्या घरचं लग्न नाही की मयत नाही, तिने त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. आणि शिवा कधी बोलला नाही! रस्त्यात भेटला की खाली बघून हसायचा फक्त.

त्या संध्याकाळी, निरोप मिळाला होता म्हटल्यावर, सुनंदाने काय केलं? आठव, महिपत, आठव. तांदूळ निवडतच राहिली. ताट हललंसुद्धा नाही. रात्री त्याला आमटी वाढली, वर अजून एक पळी वाढली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं लुगडं नेसून, त्याला न सांगता, शिवाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोजवळ दुपारपर्यंत बसून आली. मेल्यावर राग सुटतो माणसाचा, असं महिपतला तेव्हा वाटलं होतं. बरंही वाटलं होतं, हलकं वाटलं होतं. आयला, हलकं!

एक महिना. एक महिना ती रोज त्याच्यासमोर चहा ठेवतेय.

पडद्यावर अजून ती यादी होती. टीव्ही स्पीकर या ओळीवर येऊन एक बटण दाबलं की आवाज इथे येईल, आणि तिच्या कानातला जाईल. मग तिला कळेल. पण ते काय कळायचं राहिलंय? म्हणजे दिवाळीपासून तिला ऐकू येतं – हे आपणच आत्ता ओरडलो ना, भिंतीपलीकडे ती उभी असताना. आता स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं. स्टोव्ह नाही, बांगडी नाही. ती आत उभी आहे, ऐकतेय, आणि आपला श्वाससुद्धा तिथवर जात असेल या विचाराने त्याने तो रोखून धरला.

काहीतरी बोलायला हवं. आठ वर्षं बोलतच होतो की! पण आज जुन्या दिवसांतलं ते छत्री कुठाय एवढंसुद्धा त्याला सुचेना.

"सुनंदा," तो म्हणाला.

हाक मारल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण ती अगदी हळू मारली. बहिऱ्या माणसाला कुणी हळू हाक मारत नाही. रिमोट हातात तसाच धरून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला वाटलं की तिने ओ देऊ नये; आणि लगेच, त्याहून जास्त, की द्यावी.