बसवलेला ताड

जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने, विरेशने, मादागास्कर बेटावरून आणलेले बी शिवबाईंनी स्वतःच्या हाताने अंगणात रुजवले. पुढच्याच सफरीत विरेशला समुद्राने नेले. देह हाती लागला नाही, म्हणून शिवबाईंनी घरात कसलाही विधी होऊ दिला नाही. बी मात्र फोफावले. पंख्यासारखी पाने, अंगभर विभूती फासल्यासारखी राखाडी-निळी. शिवबाई त्याला भस्मताड म्हणत. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरची माणसे अर्ध्या बादलीत न्हाली, पण ताडाला पाणी कधी तुटले नाही.

यंदा रस्ता रुंद करायचे ठरले आणि ताड नेमका आखणीत सापडला. त्याला अक्कलकोट रोडच्या मळ्यात हलवा, असा शिवबाईंनी हुकूम सोडला.

मळ्यात क्रेन उभी राहिली. शिवबाईंनी खड्ड्यात डोकावून काठी आपटली. "एवढासा? अजून खोल घ्या."

"आत्याबाई, खोडावर माती गेली तर ताड गुदमरतो," सून अक्षता म्हणाली. "नर्सरीवाल्यांनी बजावलंय."

"त्यांनी वाढवलाय व्हय? वाऱ्यानं कलला तर तू धरून उभी राहणार? गळ्यापर्यंत माती आली पाहिजे."

त्यांच्यापुढे तोंड उघडण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. खड्डा पुरुषभर खोल गेला. ताड खाली उतरताच शिवबाईंनी वरून मूठभर विभूती सोडली, मग बेलाची पाने. माती पडू लागली तसे त्यांचे ओठ आपोआप 'ओम नमः शिवाय' पुटपुटू लागले. अक्षताने ते पाहिले आणि मान फिरवली. लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवे निजवत नाहीत. जंगम पुरोहिताच्या मंत्रात असेच खड्ड्यात बसवतात.

दिवाळीपर्यंत पाने करपली. मधला कोंब शिवबाईंनी हलकेच ओढला, तो कुजका वास घेऊन हातातच आला.

"काय कमी केलं गं मी याला?"

"काही नाही," अक्षता म्हणाली. "ताड लावायचा असतो, आत्याबाई. तुम्ही बसवलात."

शिवबाईंनी काठी उगारली, आणि ती तशीच खाली आली.

मळ्याच्या गड्याने दुरून विचारले, "आईसाहेब, उकरून टाकू का?"

"खबरदार! बसवलेल्याला कोणी उकरत नाही."

आवाज नेहमीचाच करडा होता. कोंब मात्र त्यांनी पदरात घेतला होता.

"अक्षता," त्या न वळता म्हणाल्या, "जंगमांना निरोप धाड. विरेशचं करायचं राहिलंय म्हणावं."